जुना अँप्लिफायर बदलावा का, आणि बदलायचाच तर कोणता घ्यावा?

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न मला समजला तो असा. इंदूरला सुदामा नगरात आपल्या घरी वडिलांनी १९८५ च्या सुमारास घेतलेला दोन चॅनेलचा अँप्लिफायर आहे. त्यावर आपण दोन वर्षांपूर्वी सहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर जोडले. कॅसेट डेक केव्हाच बंद पडला आणि आता गाणे फोन, लॅपटॉप किंवा टीव्ही यांतून येते. आवाज वाढवला की तो चिरका होतो, हळू ठेवला की डावीकडे झुकतो, आणि मधूनच उजवा स्पीकर गप्प होतो. दुकानात आपल्याला सांगितले की हा अँप्लिफायर डिजिटल जमान्यासाठी बनलेलाच नाही, तेव्हा होम थिएटरचा रिसीव्हर तरी घ्या, नाहीतर वाय-फायवाला नवा अँप्लिफायर तरी घ्या. आपल्याकडे साठ हजार रुपये आहेत, ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायनाचे आहे, आणि या दोहोंपैकी काय घ्यावे असे आपण विचारले आहे.

मी इंदुरात तीस वर्षांहून अधिक काळ अँप्लिफायरची दुरुस्ती करतो आणि लोकांच्या घरी ऐकण्याची यंत्रणा बसवून देतो. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. आपल्या तिन्ही तक्रारींचा अँप्लिफायर ‘डिजिटल’ नसण्याशी काही संबंध नाही. आणि नवा घेण्याची वेळ आलीच, तर आवाज मोठा करणारा भाग आणि डिजिटल भाग एकाच डब्यात विकत घेऊ नये, कारण पहिला पंचवीस वर्षे चालतो आणि दुसरा पाच-सहा वर्षांत मागे पडतो. याला अपवाद आहेत, ते पुढे सांगेन.

दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य किती, ते आधी पाहू. फोनमधले गाणे आकड्यांच्या रूपात असते हे खरे आहे, पण स्पीकरचा पडदा आकड्यांनी हलत नाही. कुठेतरी त्या आकड्यांची विजेची लहर करावीच लागते, आणि ते काम करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तो फोनमध्ये असतो, लॅपटॉपमध्ये असतो, टीव्हीत असतो आणि वेगळ्या छोट्या डबीतही मिळतो. त्यातून निघालेली लहर आणि जुन्या कॅसेट डेकमधून निघणारी लहर अँप्लिफायरच्या दृष्टीने एकाच जातीची आहे. फरक आहे तो जोराचा, आणि आपली दुसरी तक्रार तिथेच जन्माला आली आहे.

सीडी प्लेअर १९८२ मध्ये बाजारात आले तेव्हा त्यांची पूर्ण पातळी सुमारे २ व्होल्ट असावी असा प्रघात पडला, आणि आजचे बहुतेक डॅकही तोच पाळतात. सीडी घरोघरी पोहोचण्याआधी घडवलेल्या, आपल्यासारख्या अँप्लिफायरला पूर्ण ताकद द्यायला जेमतेम १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत असत, कारण टेप आणि ट्यूनर यांच्याकडून तेवढेच येईल असे गृहीत धरले जाई. म्हणजे ज्याला ०.२ व्होल्ट पुरतात त्याला आपण त्याच्या दसपट, डेसिबलमध्ये मोजायचे तर २० डेसिबल जास्त, देत आहोत. साहजिकच व्हॉल्यूमची खुंटी घड्याळातल्या आठ-नऊच्या पलीकडे नेताच घर दणाणते, आणि सगळे ऐकणे खुंटीच्या पहिल्या चतकोरात होते. या खुंटीच्या आत कार्बनचे दोन पट्टे असतात, एक डाव्या चॅनेलचा आणि एक उजव्याचा. मधल्या भागात ते एकमेकांशी नीट जुळतात, पण अगदी सुरुवातीच्या भागात त्यांच्यात दोन-तीन डेसिबलचा फरक सहज पडतो. हळू ऐकताना गायक डावीकडे सरकतो तो यामुळे. त्यात चाळीस वर्षांची धूळ बसलेली असेल तर खुंटी फिरवताना खरखरही येत असेल.

चिरकेपणाचे एक कारणही इथेच सापडू शकते. काही जुन्या अँप्लिफायरमध्ये व्हॉल्यूमच्या खुंटीच्या आधी ट्रान्झिस्टरचा एक टप्पा असतो. त्याला २ व्होल्ट झेपत नाहीत, लहरीचे शेंडे तिथेच कापले जातात, आणि मग खुंटी कितीही खाली घेतली तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो. याची परीक्षा सोपी आहे. फोन किंवा लॅपटॉपचा स्वतःचा आवाज एक तृतीयांशावर आणा, अँप्लिफायरची खुंटी त्या मानाने वर घ्या आणि तेच गाणे तेवढ्याच मोठ्याने ऐका. चिरकेपणा गेला आणि गायक मध्यभागी आला, तर साठ हजारांचा खर्च तूर्त टळला असे समजा. कायमचा उपाय म्हणजे अँप्लिफायरच्या इनपुटवर आवाज पाडणारा अटेन्युएटर बसवणे. तो तयार मिळतो, पण मी बहुधा घरीच करून देतो: सिग्नलच्या तारेत एका रांगेत १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर सिग्नल व ग्राउंड यांच्यामध्ये ३.३ किलो-ओहमचा, दोन्ही चॅनेलना सारखेच. याने पातळी सुमारे १२ डेसिबलने उतरते आणि खुंटी पुन्हा मधल्या भागात येऊन वापरता येते. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे घ्यावेत, नाहीतर डाव्या-उजव्यातला जो फरक काढायचा तोच आपण पुन्हा आत घालू.

आता उजवा स्पीकर गप्प होतो त्याविषयी. आधी दोष कोणत्या भागात आहे ते शोधावे लागते. अँप्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा मागच्या बाजूला डावी-उजवी अशी अदलाबदल करा. त्यानंतरही उजवाच स्पीकर गप्प होत असेल तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. आता डावा गप्प होऊ लागला तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. मग इनपुटच्या पिनांची अदलाबदल करून पाहा. दोष पिनेबरोबर बाजू बदलत असेल तर तो फोनकडच्या वायरीत आहे. माझा अंदाज मात्र स्पीकरच्या रिलेवर (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचवर) किंवा स्पीकर निवडण्याच्या बटणावर आहे, कारण असा गप्प झालेला चॅनेल आवाज क्षणभर वाढवताच ‘कट्’ करून परत येतो, आणि आपल्याकडेही तसेच होत असेल तर खूण पटली. रिलेचे प्लास्टिकचे झाकण काढले की आत टिकलीएवढी दोन टोके समोरासमोर दिसतात. नवी असताना ती चांदीसारखी चकचकीत असतात. वीस-तीस वर्षांनी त्यांच्यावर काजळीचा थर बसतो, आणि हळू आवाजातला क्षीण प्रवाह त्या थरातून पलीकडे जात नाही. काही जण तिथे पॉलिश पेपर मारतात. त्याने महिनाभर बरे वाटते, पण वरचा मुलामा निघून जातो आणि नंतर काजळी दुप्पट वेगाने धरते. रिले नवाच बसवावा. महाराणी रोडवर तो शे-दोनशे रुपयांत मिळतो. कॉइलचा व्होल्टेज आणि पायांची ठेवण जुन्या रिलेशी जुळते एवढे पाहून घ्यावे.

यानंतरही आवाज वाढवल्यावर चिरका राहिलाच, तर अँप्लिफायरची ताकद कमी पडते की काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, कारण ते मोजता येते आणि त्यासाठी तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. १२० हर्ट्झचा, पूर्ण पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली ठेवलेला शुद्ध सूर फोनमध्ये घ्या. असे सूर तयार करणारी अॅप फुकट मिळतात. आता आपल्या संग्रहातले सर्वांत हळू मुद्रण झालेले गाणे लावा, आपण आयुष्यात जितक्या मोठ्याने कधी ऐकाल तितका आवाज करा, आणि नंतर अँप्लिफायरच्या खुंटीला व फोनच्या आवाजाला हात लावू नका. अँप्लिफायर बंद करा, स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा चालू करून तो सूर वाजवा, आणि अँप्लिफायरच्या मागे स्पीकर जोडायच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आकडा वाचा. दोन काळज्या अवश्य घ्याव्यात. मल्टिमीटरच्या सुया एकमेकींना लागू देऊ नयेत, नाहीतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. आणि अँप्लिफायर व्हॉल्व्हचा असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये, कारण व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकरशिवाय चालवला की त्याचा ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो.

मिळालेल्या आकड्याची चौपट करा, कारण १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये चौपट. त्याचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमने भागा. गेल्या वर्षी स्नेहलतागंजातल्या एका घरी १२ बाय १४ फुटांच्या खोलीत मी हे मोजले, तेव्हा मीटरवर १.४ व्होल्ट आले. त्याची चौपट ५.६, वर्ग साधारण ३१, भागिले ८ ओहम, म्हणजे ४ वॅटही भरले नाहीत. त्या गृहस्थांकडे ४० वॅटचा अँप्लिफायर होता आणि ते १०० वॅटचा घ्यायला निघाले होते. समजा आपल्याकडे ३ व्होल्ट आले, तर हिशेब १८ वॅटचा होतो, आणि अंगात थोडे बळ राखून असावे म्हणून दुप्पट धरली तरी ३५-४० वॅट पुरतात. आपल्या जुन्या अँप्लिफायरमध्ये तेवढी ताकद बहुधा आहे.

वॅटच्या आकड्यांचा मोह किती धरावा हे यावरून ध्यानात येईल. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, आणि ऐकणाऱ्याला तो दुप्पट वाटावा यासाठी ताकद साधारण दसपट लागते. त्यामुळे ४० वॅटवरून ८० वर जाण्याने पडणारा फरक मुद्दाम कान देऊन ऐकला तर कळेल इतकाच आहे. तेवढाच फरक ८५ डेसिबल संवेदनशीलतेच्या (तेवढ्याच ताकदीला स्पीकर किती मोठा वाजतो, त्या मापाच्या) स्पीकरच्या जागी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतल्याने पडतो, आणि त्यासाठी अँप्लिफायर बदलावा लागत नाही. स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ४ ओहम लिहिलेले असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण असा स्पीकर ८ ओहमच्या तुलनेत दुप्पट प्रवाह ओढतो आणि १९८० च्या दशकातले अनेक छोटे अँप्लिफायर तिथे तापतात. ही पट्टी आपण पाहिलेली दिसत नाही. ती कृपया पाहावी.

मग जुनाच अँप्लिफायर ठेवावा का? हे त्याच्या आतल्या स्थितीवर अवलंबून आहे, आणि न उघडता मी त्याची हमी देणार नाही. स्पीकरच्या टोकांवर, काहीही वाजत नसताना, डीसी व्होल्ट मोजावेत. ५० मिलिव्होल्टच्या आत असतील तर चिंता नाही. १०० च्या वर असतील तर आत कुठला तरी भाग थकला आहे. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर फुगलेले किंवा बुडाशी ओलसर दिसत असतील तर ते बदलावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात स्पीकरचे रक्षण करणारे सर्किट आहे का ते पाहावे. त्या काळातल्या कितीतरी अँप्लिफायरमध्ये, विशेषतः टू-एन-३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी लावून केलेल्या साध्या जुळणीत, ते नसते. अशा वेळी एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पॉवर सप्लायचा सगळा डीसी थेट वूफरवर जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी, दुरुस्त करून आणलेला असाच एक अँप्लिफायर मी आधी जुन्या स्पीकरवर न तपासता थेट त्यांच्या नव्या स्पीकरना जोडला. चालू करताच डाव्या वूफरचा पडदा बाहेर ढकलला गेला आणि तिथेच थांबला, आणि मी प्लग काढेपर्यंत व्हॉइस कॉइलचे वॉर्निश जळाल्याचा वास खोलीभर पसरला होता. तो स्पीकर मी स्वखर्चाने भरून दिला. तेव्हापासून संरक्षण नसलेल्या अँप्लिफायरला मी आधी ते सर्किट बसवतो आणि मगच स्पीकर जोडतो. त्याचा तयार बोर्ड काही शेकड्यांत येतो. आपल्या अँप्लिफायरमध्ये चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी ‘टक्’ असा रिलेचा आवाज येत असेल तर संरक्षण आहे असे समजायला हरकत नाही.

तपासणीनंतर एकूण खर्च पाच-सहा हजारांच्या आत बसत असेल तर मी जुना अँप्लिफायर ठेवीन आणि उरलेले पैसे अन्यत्र घालीन. ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल, किंवा आधीच कुणीतरी बोर्डाचे तांबे उखडेपर्यंत सोल्डरिंग केले असेल, तर त्यात पैसे घालू नयेत. वडिलांची वस्तू म्हणून जीव गुंतलेला असतो हे मला कळते. अशा कितीतरी वस्तू मी केवळ त्याच कारणासाठी दुरुस्त केल्या आहेत. फक्त तसे करताना तो भावनेचा खर्च आहे हे स्वतःशी स्पष्ट असावे.

आता नवा घ्यायचाच असे धरू. होम थिएटरच्या रिसीव्हरविषयी माझी अडचण अशी आहे की त्यात सात चॅनेल, व्हिडिओचे सर्किट, रेडिओ, वाय-फाय आणि डझनभर परवाने यांची किंमत आपण मोजतो, आणि ऐकणार दोनच स्पीकर. त्यावर छापलेले वॅट बहुधा एक किंवा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात. आणि त्याचे वय एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी, ठरवते: १.४ आवृत्ती २००९ ची, २.० आवृत्ती २०१३ ची, २.१ आवृत्ती २०१७ ची. आठ वर्षांत तीनदा दार बदलले, आणि प्रत्येक वेळी आतला धडधाकट अँप्लिफायर केवळ दारापायी जुना ठरला. माझ्या कामाच्या मेजावर असे रिसीव्हर येतात, ज्यांचे आवाजाचे भाग उत्तम असतात आणि एचडीएमआयचा बोर्ड मेलेला असतो. तो बोर्ड मिळत नाही. आपण चित्रपट पाच स्पीकरवर पाहणार असाल तर रिसीव्हर हवाच, त्याला पर्याय नाही. पण आपल्या प्रश्नात तसे काही दिसत नाही.

वाय-फायवाल्या अँप्लिफायरचे तर्कशास्त्र तेच. आज त्याचे अॅप छान चालते, पण सहा वर्षांनी कंपनीने ते अद्ययावत करणे थांबवले, किंवा गाण्याच्या सेवेने आपली पद्धत बदलली, की निम्मी बटणे शोभेची होतात. स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणे आणणारी डबी) किंवा डॅक वेगळा असेल तर अशा वेळी तेवढाच बदलता येतो. अपवाद म्हणालो होतो तो हा: घरात वयस्कर आई-वडील असतील, टीव्ही लावताच आवाज स्पीकरवर यावा आणि एकाच रिमोटने सगळे व्हावे अशी गरज असेल, तर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने अँप्लिफायरकडे आणण्याची सोय) असलेला दोन चॅनेलचा अँप्लिफायर घेणे मी चुकीचे मानत नाही. तीन डब्या आणि तीन रिमोट घेऊन कुणाला ऐकण्यापासून दूर ठेवण्यात अर्थ नाही. फक्त त्याला साधे अॅनालॉग इनपुट किमान दोन असावेत, म्हणजे उद्या आतला डिजिटल भाग निकामी झाला तरी अँप्लिफायर म्हणून त्याचे आयुष्य चालू राहते.

क्लास डी या पद्धतीच्या अँप्लिफायरविषयी बरेच गैरसमज आहेत. ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी यांच्यानंतरचे ते अक्षर आहे एवढेच. यात आउटपुटचे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहण्याऐवजी सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, म्हणून ताकद वाया जात नाही आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. क्लास एबीमध्ये, म्हणजे नेहमीच्या जुन्या पद्धतीत, तीच पूर्ण ताकदीला साठ-सत्तरच्या घरात आणि रोजच्या हळू ऐकण्यात त्याहून पुष्कळ कमी असते, आणि उरलेल्याची उष्णता होते. दहा वर्षांपूर्वी मी क्लास डी घ्या असे सहसा सांगत नसे. आज चांगल्या बनावटीचा क्लास डी मी निःसंकोच सुचवतो. स्वस्तातल्या बोर्डांत मात्र शेवटच्या फिल्टरची वागणूक स्पीकरच्या ओहमप्रमाणे बदलते आणि वरच्या पट्टीत कधी धार येते, कधी मंदपणा. त्यामुळे फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटमधून मागे नेलेला सिग्नल) फिल्टरच्या नंतर, स्पीकरच्या बाजूने घेतलेला आहे का, हे तपशिलात पाहावे. शिवाय बोर्ड जळाला तर तो बहुधा संपूर्ण बदलावा लागतो, तर क्लास एबीमधला ट्रान्झिस्टर मी अर्ध्या तासात बदलतो.

अडॉप्टरवर चालणाऱ्या क्लास डीच्या छोट्या डबीवर छापलेले वॅट खरे किती, हे त्या अडॉप्टरवरून कळते. २४ व्होल्टचा अडॉप्टर असेल तर ८ ओहमच्या स्पीकरला लहरीचे टोक २४ व्होल्टच्या वर जाऊच शकत नाही. २४ चा वर्ग ५७६, त्याला १६ ने (८ ओहमच्या दुपटीने) भागले की ३६ वॅट. डबीवर ‘३०० वॅट’ छापलेले असले तरी भौतिकशास्त्र तेवढेच देते. अर्थात वरच्या मोजणीत आपली गरज २० वॅट निघाली असेल तर ही ३६ वॅटची डबीही आपल्याला पुरेशी आहे, हेही तितकेच खरे. पीएमपीओचा, म्हणजे क्षणिक ताकदीचा फुगवलेला, आकडा कुठे दिसला तर तो वाचूही नये.

डॅकवर फार खर्च करू नये. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीचे माप, एवढ्यात माणसाला ऐकू येणारे सर्व काही मावते. १६ बिटची गतिव्याप्ती (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) ९६ डेसिबल आहे आणि जुन्या टेपवरच्या मैफलींची त्याच्या जवळपासही नसते. त्या मुद्रणांना १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये भरल्याने त्यांत नवे काही येत नाही. ऑप्टिकल आणि यूएसबी दोन्ही इनपुट असलेला साधा डॅक दहा हजारांच्या आत उत्तम मिळतो. टीव्ही ऑप्टिकलने जोडावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) वर ठेवावा, नाहीतर डॅक गप्प राहील. ऑप्टिकलचा दुसरा फायदा म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येणारी ‘घूंऽऽ’ अशी हम तिथेच तुटते, कारण प्रकाश वाहणाऱ्या तंतूतून वीज जात नाही. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कधीही ऐकू नये. ब्लूटूथ सोयीचे आहे. त्यातल्या वरच्या दर्जाच्या पद्धतींपैकी एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो आणि सीडीचा प्रवाह १४११ चा असतो, म्हणून बसून ऐकायचे असेल तेव्हा वायर लावावी.

आपण शास्त्रीय गायन ऐकता, म्हणून स्पीकरविषयी दोन शब्द अधिक. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि मंद्र षड्ज ६९ चा असतो. चांगल्या सहा इंची स्पीकरची पोच तिथवर असते, तेव्हा सबवूफर नसल्यामुळे गायनात काही हरवते असे मला वाटत नाही. हरवते ते स्पीकर काचेच्या शोकेसमध्ये कोंबल्यामुळे. तिथे १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग फुगतो आणि डग्गा सगळ्यावर चढतो. आपल्याच इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) अतिविलंबित लयीत मंद्रात जे संथ काम करतात, ते मी प्रत्येक घरी तपासणीसाठी लावतो. मंद्रातला पंचम आणि षड्ज सारख्याच वजनाने आले, आणि दोन स्वरांमधल्या शांततेत तानपुरा अखंड राहिला, तर ती यंत्रणा माझ्या मते जुळली. तानपुरा मधेच पुसट झाला तर मी आधी खोलीकडे पाहतो.

कारण खोलीचा वाटा मोठा आहे. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत लाकडी छत, जाड भिंती आणि कोनाडे असत. तिथे साधा अँप्लिफायरही गोड वाजे. आता व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि मोकळ्या भिंती. हॉलमध्ये मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागे ‘झिर्र’ असा शेपटा ऐकू आला तर आपला चिरकेपणा निम्मा तिथे आहे. जाड सतरंजी, समोरच्या खिडकीला पडदा, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि कानाच्या उंचीवर, एवढे करून पाहावे. आपल्याच भागातल्या एका घरी मी अँप्लिफायर विकायच्या तयारीने गेलो होतो आणि सतरंजी अंथरून परत आलो.

दोन अँप्लिफायर ऐकून निवडायचे असतील तर दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने सारखा करून घ्यावा, तोच १२० हर्ट्झचा सूर लावून, दोन टक्क्यांच्या आत. किंचित मोठा वाजणारा अँप्लिफायर प्रत्येक वेळी अधिक ‘खुला’ वाटतो, आणि दुकानात आवाजाची खुंटी कुणाच्या हाती असते हे वेगळे सांगायला नको. स्पीकरची तार तांब्याची, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची असली की पुरे. घरच्या वायरिंगची चालते.

इंदूरच्या हवेचा विचार करून दोन गोष्टी कराव्यात. वैशाखात पारा ४२ च्या वर जातो, आणि बंद शोकेसमधला क्लास एबी अँप्लिफायर आतून त्याहून कितीतरी तापतो. कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, म्हणून अँप्लिफायरवर सहा इंच मोकळी जागा हवी आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नये. दुसरे, मृगाच्या सुमारास वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवावा, आणि त्याबरोबर डिशची केबल आणि इंटरनेटची वायरही; माझ्याकडे येणाऱ्या जळक्या बोर्डांपैकी बरेचसे या वायरींतून जळलेले असतात.

तेव्हा माझा क्रम असा राहील: आधी फोनचा आवाज कमी करून परीक्षा आणि अटेन्युएटर, मग रिले आणि डीसीची तपासणी, मग मल्टिमीटरने ताकदीची मोजणी, मग खोली. एवढ्याने काम झाले तर साठ हजारांपैकी दहा हजार डॅकवर घालावेत आणि उरलेले चांगल्या स्पीकरसाठी राखावेत. अँप्लिफायर गेलेलाच निघाला, तर ८ ओहमला ४०-५० वॅटचा, ४ ओहम झेपणारा, रिलेचे संरक्षण आणि रिमोट असलेला, इंदुरात दुरुस्त होऊ शकेल असा साधा दोन चॅनेलचा अँप्लिफायर आणि वेगळा डॅक घ्यावा. पंचवीस-तीस हजारांत दोन्ही बसतात. चार आकडे मात्र मला कळवावेत: स्पीकरच्या पट्टीवरचे ओहम आणि संवेदनशीलता, १२० हर्ट्झच्या सुरावर आलेले व्होल्ट, आणि काही वाजत नसताना दोन्ही टोकांवर मिळालेले मिलिव्होल्ट. ते हाती आले की कोणता भाग बदलायचा हे मी नेमके सांगू शकेन. तोवर मधेच गप्प होणाऱ्या त्या अँप्लिफायरला आपले नवे स्पीकर जोडून ठेवू नयेत; एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडून या सगळ्या चाचण्या कराव्यात.